आठवड्याचे वीस तास

मागच्या दारानं आत जायचं.
कोड दाबायचा, चार-शून्य-सात-एक,
लॉकरमधला करडा अंगरखा चढवायचा.
खांद्यात दोन इंच ढगळ आहे.
दादांनी पाहिला असता तर
तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणाले असते,
उतरव तो, इकडे दे.

शेफील्ड.
अक्षरं लागायच्या आधी हे नाव बोटानं चाचपलं होतं,
बार्शीच्या दुकानात, मोठ्या कात्रीच्या पात्यावर.
त्या कात्रीला हात लावायची मुभा नव्हती, म्हणून.
आता तिच्याच गावात राहते,
चढणीवरच्या घरात, तिघींत एक फ्रीज,
माझा कप्पा खालून दुसरा.

व्हिसा म्हणतो, आठवड्याला वीस तास.
एकविसावा केलास तर परत जा.
आईला फोनवर सांगितलं,
तर ती काज अर्धवट सोडून म्हणाली,
"वीसच? मग बाकीचे दिवस करतेस काय?"
तिच्या हिशेबात वीस तास म्हणजे दीड दिवस,
लग्नसराईत एकच.
म्हटलं, अभ्यास. रांगेचं गणित.
माणसं किती येतात, किती थांबतात,
कंटाळून किती निघून जातात.
"ह्याला एवढी फी?"
आणि लगेच, घाईनं, "जेवलीस का?"

एका खोलीला बावीस मिनिटं.
दानूताचं इंग्रजी एका जागी तुटतं, माझं दुसऱ्या,
पण चादर झटकताना
आमचे चारी हात एकदमच वर जातात.

दोनशे चौदा.
माणसं गेलेली. टबात ओला टॉवेल,
कचऱ्याच्या डब्यात लीड्सची दोन तिकिटं,
आणि आरशाच्या डाव्या कोपऱ्यात
टिकली.
डाळिंबी. मसुरापेक्षा जराशी मोठी.
झोपताना काढून चिकटवलेली,
सकाळी आठवणीनं लावायची म्हणून,
आणि विसरलेली.
कोण होती? लातूरची, मदुराईची, ढाक्याची?
टिकलीवरून काही कळत नाही.
यादीत लिहिलंय, आरसा : एकही डाग नको.
मी आरसा पुसला, तिच्या भोवतीनं,
झोपलेल्या माणसाच्या भोवतीनं केर काढतात तसा.

मॉरीन आली तपासायला.
"हे काय, रंग?" म्हणत नखानं खरवडलं.
आरसा स्वच्छ झाला
आणि टिकली तिच्या बोटाला चिकटली.
तिला पत्ताच नाही.
सकाळभर ती टिकलीचं बोट नाचवत हिंडली,
ह्या उशीला सुरकुती, त्या नळावर थेंब,
टबातला केस कुणाचा, तुझा की पाहुण्याचा?
मी मान खाली घालून ओठ दाबत होते.
मला हसू येतंय म्हणून दानूताही हसली,
का ते न विचारता.

एक वाजता सह्या.
मॉरीनचं बोट रांगेरांगेनं खाली उतरलं,
माझ्या नावापाशी थांबलं.
वीस.
मग हळू आवाजात : वर पार्टी आहे, एक मुलगी आजारी.
तासभर थांबशील? रोख देईन.
लिहायचं कशाला?

डोक्यात भागाकार आपोआप झाला.
तेवढ्या पैशांत आईची सव्वाचारशे काजं.
मी नको म्हटलं.
प्रामाणिकपणा वगैरे काही नाही.
भीती वाटली.

तिनं खांदे उडवले, बोट उचललं.
टिकली कागदावरच राहिली,
माझ्या ओळीत, वीसच्या पुढच्या रकान्यात,
जिथं जादा तास लिहितात.
मॉरीनचं लक्ष नव्हतं.
मी सही केली. टिकली तशीच राहू दिली.

बाहेर आले तर ट्राम नुकतीच गेलेली.
पुढची अकरा मिनिटांनी.
थांब्यावर कुणीच नव्हतं.
रांगेत मी पहिली.